अर्धवट राहिलेली गणिताची पदवी पूर्ण करताना : सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

गणित विषय घेऊन बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, एक-दोन वर्षे नीट पार पडली आणि मग नोकरी, लग्न, आजारपण किंवा शेतीच्या अडचणीमुळे शिक्षण थांबले, असे विद्यार्थी बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला अशा प्रत्येक तालुक्यात भेटतात. त्यांतील बहुतेकांची समजूत अशी असते की आता सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल, आणि या एका समजुतीपायी ते चौकशीच करत नाहीत. प्रत्यक्षात पूर्वी उत्तीर्ण झालेले पेपर बहुतेक वेळा उपयोगी पडतात. मात्र ते आपोआप उपयोगी पडत नाहीत. कोणता जुना पेपर कोणत्या नव्या पेपरच्या जागी बसतो हे कागदावर दाखवावे लागते, आणि हे काम विद्यार्थ्याने स्वतः, प्रवेश अर्ज भरण्याच्या आधी करायचे असते.

आपण नेमके कोठे थांबलो, हे आधी ठरवावे

तिन्ही वर्षांची उपस्थिती पूर्ण झाली आहे, म्हणजे सर्व टर्म भरल्या आहेत आणि केवळ काही पेपर राहिले आहेत, अशी स्थिती असेल तर क्रेडिट हस्तांतराचा, म्हणजे उत्तीर्ण पेपरांचे श्रेयांक दुसरीकडे नेण्याचा, प्रश्नच येत नाही. अशा विद्यार्थ्याने नवा प्रवेश मुळीच घेऊ नये. आपला कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, आणि शेवटची गुणपत्रिका घेऊन आपल्या मूळ महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जावे आणि पुनर्परीक्षार्थी म्हणून परीक्षा अर्ज भरता येतो का, ते विचारावे. दरम्यान अभ्यासक्रम बदललेला असेल तर राहिलेल्या जुन्या पेपरऐवजी त्याला समकक्ष ठरवलेला नवा पेपर द्यावा लागतो. अशा समकक्ष विषयांचा तक्ता बहुधा नव्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतच, शेवटच्या पानांवर दिलेला असतो. जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा विद्यापीठ ठरावीक वेळाच घेते, म्हणून ही चौकशी पुढच्या सत्रावर ढकलू नये.

पहिले किंवा दुसरे वर्ष पूर्ण करून थांबलेला, पण त्याच विद्यापीठात परत येणारा विद्यार्थी दुसऱ्या गटात येतो. दुसऱ्या विद्यापीठातून सोलापुरात येणारा विद्यार्थी तिसऱ्या गटात येतो, आणि खरी गुंतागुंत त्याच्या वाट्याला असते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरतेच आहे. त्यामुळे तुळजापूरला शिकलेली मुलगी सोलापुरात सासरी आली तरी, ती केवळ तासाभराच्या अंतरावरून आलेली असूनही, विद्यापीठाच्या दृष्टीने बाहेरचीच ठरते. विजयपूर किंवा कलबुर्गीकडून आलेल्या विद्यार्थ्यांचे तर राज्यच बदलते.

आणखी एक गट वयाने मोठ्यांचा आहे. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी अस्तित्वात आले. त्याआधी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. वालचंद, दयानंद किंवा संगमेश्वर महाविद्यालयात १९९०च्या दशकात शिकलेल्या व्यक्तीची गुणपत्रिका शिवाजी विद्यापीठाची असते, आणि ती हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी कोल्हापूरलाच अर्ज करावा लागतो. केगावच्या सोलापूर विद्यापीठात खेटे घालण्यापूर्वी गुणपत्रिकेच्या शीर्षस्थानी कोणत्या विद्यापीठाचे नाव आहे, एवढे पाहिले तरी बराच वेळ वाचतो.

कागदपत्रे

सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, नापास झालेल्या प्रयत्नांच्यासुद्धा, एकत्र कराव्यात. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, मूळ विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका आणि मधल्या खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात, हे नेहमीचे कागद झाले. मायग्रेशन प्रमाणपत्र काढण्याची घाई मात्र करू नये, कारण ते काढणे म्हणजे मूळ विद्यापीठाशी असलेला संबंध संपवणे होय. नवे विद्यापीठ आपले पेपर मान्य करील हे कळल्यानंतरच ते काढावे.

नावाची बाब लहान वाटते, पण अर्ज अडकतात ते बहुधा तेथेच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर क्रम उलटा असतो. विवाहित विद्यार्थिनीचे तर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले असते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत आधीच हाताशी ठेवावी.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा कागद म्हणजे आपण ज्या वर्षी शिकलो त्या वर्षीचा सविस्तर अभ्यासक्रम. नव्याने सुरुवात करणारे विद्यार्थी नेमका हाच आणत नाहीत. गुणपत्रिकेवर केवळ ‘मॅथेमॅटिक्स पेपर तीन’ असे छापलेले असते. त्यात काय शिकवले गेले हे त्यावरून कोणालाच कळत नाही, आणि समकक्षता ठरवणाऱ्या प्राध्यापकाला तर तेच पाहायचे असते. अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळाली तर ती छापून मूळ महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडून साक्षांकित करून घ्यावी. संकेतस्थळावर जुनी वर्षे नसतील तर महाविद्यालयाच्या गणित विभागात किंवा ग्रंथालयात विचारावे. विभागातील जुन्या कपाटांत छापील पुस्तिका जपून ठेवलेल्या असतात.

पेपरवार तक्ता

आता एका कोऱ्या आडव्या कागदावर तक्ता करावा. डावीकडे जुन्या पेपरचे नाव, वर्ष, गुण, क्रेडिट किंवा तासिका आणि घटकांची यादी लिहावी. उजवीकडे ज्या विद्यापीठात पदवी पूर्ण करायची तेथील पेपर आणि त्याचे घटक लिहावेत. शेवटच्या रकान्यात काय जुळते आणि काय उरते ते नोंदवावे. जुन्या गुणपत्रिकेवर क्रेडिट नसतील तर तासिकांवरून अंदाज करता येतो, कारण सध्याच्या पद्धतीत सिद्धांताचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास धरले जातात.

डिफरन्शियल इक्वेशन्सचा पेपर उदाहरणादाखल घेऊ. जुन्या पेपरमध्ये पहिल्या कोटीची समीकरणे, एक्झॅक्ट समीकरणे आणि स्थिर सहगुणकांची रेषीय समीकरणे असतील. नव्या पेपरमध्ये त्यांच्या जोडीला लाप्लास रूपांतर आणि घातमालिकेने उत्तर काढण्याची पद्धत असेल. दोघांचे नाव एकच असले तरी जवळजवळ निम्मा भाग जुळत नाही, आणि असा पेपर मान्य होईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. याउलट जुन्या ‘ॲडव्हान्स्ड कॅल्क्युलस’ या पेपरमधील घटक नव्या ‘मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस’शी ओळीने ओळ जुळत असतील, तर नावे वेगळी असूनही समकक्षता मागता येते. म्हणून नावावर न जाता घटकांवर जावे, आणि तक्त्यात घटकच लिहावेत.

गणिताबाहेरचे पेपर मान्य करून घेणे सहसा सोपे जाते. इंग्रजी, पर्यावरण अभ्यास, भाषा-कौशल्ये आणि अन्य विद्याशाखेतील खुले ऐच्छिक विषय यांची क्रेडिट एकदा मिळवली असतील तर त्यांचा आग्रह जरूर धरावा; ते पुन्हा देण्यात सत्र वाया घालवू नये. मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे, पेपर मात्र बारकाईने तपासले जातात, आणि तसे तपासले जाणे योग्यच आहे.

तक्ता तयार झाल्यावर तो घेऊन आधी प्रवेश घेऊ इच्छित असलेल्या महाविद्यालयाच्या गणित विभागप्रमुखांना भेटावे, आणि त्यानंतर विद्यापीठाच्या पात्रता विभागात अर्ज करावा. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर प्रवेश शुल्क भरू नये. कोणते पेपर मान्य झाले आणि कोणते द्यावे लागतील, हे लेखी मागावे. सोबत अर्जाची पोचही घ्यावी.

क्रेडिट बँक आणि निम्म्याचा नियम

२०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून मिळवलेली क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा करता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने या बँकेचे नियम जुलै २०२१ मध्ये लागू केले. डिजिलॉकरमधून आधारच्या साहाय्याने खाते उघडले की १२ अंकी क्रमांक मिळतो, तो महाविद्यालयाला कळवावा लागतो आणि क्रेडिट जमा करण्याचे काम शिक्षणसंस्था करते; विद्यार्थ्याला स्वतः गुणपत्रिका चढवून क्रेडिट जमा करता येत नाहीत. जमा क्रेडिट कमाल सात वर्षे वापरता येतात, आणि एका पदवीसाठी एकदा वापरली की ती खात्यातून वजा होतात. २०२१ पूर्वी शिकलेल्यांना ही बँक उपयोगी नाही; त्यांचा मार्ग वर सांगितलेल्या समकक्षतेचाच आहे.

या नियमांतील एका अटीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेली असली पाहिजेत. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार वर्षाला ४४ क्रेडिट आणि तीन वर्षांच्या पदवीला साधारणपणे १३२ क्रेडिट असतात, असे धरून हिशेब करून पाहू. पहिले वर्ष पुण्यात पूर्ण केलेला विद्यार्थी ४४ क्रेडिट घेऊन सोलापुरात आला तर त्याला येथे ८८ मिळवायची आहेत, म्हणजे अट सहज पूर्ण होते. पण दोन वर्षे पूर्ण करून ८८ क्रेडिट घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला, अट काटेकोरपणे लावल्यास, येथे केवळ ४४ मिळवून भागत नाही. निम्म्यासाठी ६६ लागतात, आणि तिची आणलेली २२ क्रेडिट हिशेबाबाहेर पडतात. ती २२ क्रेडिट म्हणजे एक पूर्ण सत्र होय.

म्हणून माझे मत असे आहे की पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदलण्यास हरकत नाही, पण दोन वर्षे झाली असतील तर मूळ विद्यापीठातूनच पदवी पूर्ण करण्याचा प्रयत्न आधी करावा. मूळ महाविद्यालयाचे प्राचार्य, राहण्याचे ठिकाण बदलल्याचे कारण आणि स्वयम् या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांची सोय यांतून मार्ग निघतो का ते पाहावे, आणि नाहीच निघाला तर बदलाचा विचार करावा.

नव्या पद्धतीत मधेच बाहेर पडण्याची आणि परत येण्याची सोयही आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, मात्र त्यासाठी चार क्रेडिटचा अतिरिक्त कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि सुरुवातीपासून सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी, अशी आयोगाच्या आराखड्यातील मुदत आहे. आता शिक्षण थांबवावेच लागत असेल, तर नुसते जाणे बंद करण्यापेक्षा रीतसर बाहेर पडणे केव्हाही हिताचे.

स्वयम् वरील पेपर

स्वयम् या केंद्र सरकारच्या मंचावर गणिताचे उत्तम अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांतील बरेच आयआयटीच्या प्राध्यापकांनी एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमामार्फत शिकवलेले आहेत. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करता येतात. एनपीटीईएलमध्ये साधारणतः १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तीन, तर ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला दोन क्रेडिट धरतात. नावनोंदणी विनामूल्य असते. परीक्षेचे शुल्क वेगळे भरावे लागते आणि परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. अंतिम गुणांत साप्ताहिक स्वाध्यायाला २५ आणि परीक्षेला ७५ असा भार असतो, आणि प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात २५ पैकी १० व परीक्षेत ७५ पैकी ३० गुण हवेत. स्वाध्यायाची मुदत दर आठवड्याला संपते, हे नोकरी करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. रविवारी एकदम चार आठवड्यांचे स्वाध्याय देण्याची सोय तेथे नाही.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी अभ्यासक्रम पूर्ण करून मग प्रमाणपत्र महाविद्यालयात नेले तर ते स्वीकारले जाईलच असे नाही. आपल्या विद्यापीठाने त्या सत्रासाठी मान्य केलेल्या यादीत तो अभ्यासक्रम आहे का, तो आपल्या कोणत्या पेपरच्या जागी धरला जाईल, हे महाविद्यालयातील स्वयम् समन्वयकाकडून नोंदणीपूर्वी लेखी घ्यावे.

दूरशिक्षणाचा पर्याय

दररोज महाविद्यालयात जाणे ज्यांना शक्यच नाही, त्यांनी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, विचार करावा. सोलापूर भागासाठी त्याचे प्रादेशिक केंद्र पुण्याला आहे. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. त्याआधी स्वाध्याय सादर करावे लागतात आणि अंतिम निकालात त्यांचा वाटा असतो. अन्य विद्यापीठात अपूर्ण राहिलेल्या पदवीतील पेपर हस्तांतरित करण्यासाठी स्वतंत्र अर्ज, साक्षांकित गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत आणि प्रत्येक पेपरमागे शुल्क द्यावे लागते, म्हणजे वर सांगितलेला तक्ता येथेही कामाला येतो. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र जोडीला घेतले तर प्रात्यक्षिकांसाठी ठरावीक दिवस केंद्रावर हजर राहावे लागते. रजा मिळण्याची अडचण असणाऱ्यांनी विषयांची जोडी हे पाहूनच निवडावी. पुढे गणितात एम.एस्सी. करायची असेल तर त्या प्रवेशासाठी पदवीत गणिताची किती क्रेडिट लागतात, तेही आधीच पाहून घ्यावे.

खंडानंतर परीक्षेची तयारी

कागदांचे काम आटोपले की गणित उरते, आणि ते कमी लेखू नये. मान्य झालेला पेपर पुन्हा द्यावा लागत नाही, पण त्यातील गणित पुढच्या पेपरला लागतेच. बहुतेक विद्यापीठांत तिसऱ्या वर्षी रिअल ॲनालिसिस, मेट्रिक स्पेसेस, ग्रुप आणि रिंग यांचे बीजगणित, लिनिअर अल्जेब्रा, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस असे पेपर असतात. त्यांत मेट्रिक स्पेसेसच्या आधी रिअल ॲनालिसिस झालेच पाहिजे. सात-आठ वर्षांपूर्वी क्रमिका आणि श्रेढी शिकलेल्याने तो पेपर मान्य झाला असला तरी प्रवेशापूर्वीचे दोन महिने त्यालाच द्यावेत. निवड करण्याची मुभा असेल तर पहिल्या सत्रात सिद्धतांचा एक आणि आकडेमोडीचा एक, उदाहरणार्थ न्यूमरिकल ॲनालिसिस, अशी जोडी घ्यावी. दोन्ही सिद्धतांचे पेपर एकदम घेतल्याने खंडानंतर परतलेले विद्यार्थी फार दमतात.

सिद्धता पाठ करण्याची सवय गुण घालवते, कारण परीक्षक प्रत्येक अट कोठे वापरली ते पाहतो. एक नेहमीचा प्रश्न पाहू : संवृत व परिबद्ध अंतरालावर सतत असलेले फल परिबद्ध असते, हे सिद्ध करा. समजा, ते परिबद्ध नाही. मग प्रत्येक नैसर्गिक संख्येसाठी अंतरालात असा एक बिंदू मिळतो की तेथे फलाची केवल किंमत त्या संख्येपेक्षा मोठी असते. या बिंदूंची क्रमिका परिबद्ध अंतरालात आहे, म्हणून बोल्झानो–वायरस्ट्रास प्रमेयानुसार तिला एक अभिसारी उपक्रमिका असते. अंतराल संवृत आहे, म्हणून त्या उपक्रमिकेची सीमा अंतरालातच असते. त्या सीमाबिंदूशी फल सतत आहे, म्हणून उपक्रमिकेवरील फलाच्या किमती एका सांत संख्येकडे जातात. पण त्यांच्या केवल किमती तर अमर्याद वाढत होत्या. ही विसंगती आहे, म्हणून फल परिबद्ध आहे.

या उत्तरात ‘परिबद्ध’, ‘संवृत’ आणि ‘सतत’ हे तीन शब्द तीन वेगळ्या वाक्यांत कामाला आले आहेत. उत्तर लिहून झाल्यावर वहीत त्या तीन जागा अधोरेखित कराव्यात, आणि मग एक अट काढून टाकल्यावर काय होते ते स्वतः शोधावे. शून्य ते एक या विवृत अंतरालावर १ भागिले क्ष हे फल सतत असूनही परिबद्ध नाही. येथे उपक्रमिकेची सीमा शून्य ही अंतरालाबाहेर पडते आणि सिद्धता नेमक्या त्याच वाक्याशी थांबते. प्रत्येक मुख्य प्रमेयासाठी अशी एक सिद्धता आणि असे एक प्रतिउदाहरण लिहिले की पेपरमध्ये प्रश्न फिरवून विचारला तरी अडचण येत नाही.

अभ्यासाला घरी जागा नसेल तर शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी ठिकाणे आहेत आणि महाविद्यालयांची ग्रंथालयेही आहेत. उन्हाळी परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी सोलापूरचे ऊन ध्यानात घेऊन सिद्धतांचा अभ्यास पहाटे आणि सरावाची उदाहरणे संध्याकाळी ठेवावीत. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून, पूर्ण वाक्यांत लिहून सोडवाव्यात. मधल्या काळात हाताची लिहिण्याची सवयही गेलेली असते.

निकालात एखाद्या पेपरला अनपेक्षितपणे कमी गुण पडले तर ठरलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, ती विषयाच्या शिक्षकांना दाखवावी आणि त्यांच्या सल्ल्यानेच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. शेवटचे सत्र उत्तीर्ण झाल्यावर क्रेडिट खात्यातील एकूण बेरीज आणि गुणपत्रिकेवरील बेरीज जुळते का ते पाहावे, मान्य झालेल्या जुन्या पेपरांची नोंद त्यात आली आहे ना याची खात्री करावी, आणि एखादी नोंद राहिली असेल तर लेखी आदेशाची प्रत जोडून परीक्षा विभागाकडे दुरुस्ती मागावी. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षांत समारंभापूर्वी विद्यापीठ स्वतंत्र अर्ज मागवते. त्या अर्जात मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावे बारावीच्या गुणपत्रिकेशी ताडून भरावीत.